झाकण काढलेला फोटो

ओगावासाहेबांनी दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढं केलं, तेव्हा बाबूरावांची पंचाईत झाली. सोलापूरच्या दैनिकाला धाराशिवच्या बातम्या पाठवणाऱ्या माणसाकडे कार्ड कुठून असणार? गावात बाबूरावांना न ओळखणारा माणूस एकतर आदल्या दिवशी जन्मलेला असायचा, नाहीतर नुकता बदलून आलेला. त्यांनी कोटाचे खिसे चाचपले, एसटीचं जुनं तिकीट काढलं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं आणि तेही दोन्ही हातांनी दिलं. जमलेली मंडळी खो खो हसली. ओगावासाहेब हसले नाहीत. ते कंबरेत वाकले आणि ते तिकीट त्यांनी कातडी डबीत बाकीच्या कार्डांबरोबर नीट ठेवून दिलं.

एकसष्ट सालचा मार्च होता. ओगावासाहेब जपानच्या एका यंत्र कंपनीचे. यंत्र विकणं हे त्यांचं काम नव्हतं. कंपनीचं आणि पेपरवाल्यांचं जमवून ठेवणं हे त्यांचं काम. असल्या कामाला पगार मिळतो हे ऐकून धाराशिवची वार्ताहर मंडळी चाट पडली होती. पण तसा एक माणूस धाराशिवातही होता, तो म्हणजे आपले विष्णुपंत.

विष्णुपंत मूळचे तुळजापूरचे. सहा वर्षं त्यांनीही वार्ताहरकी केली होती. बाबूरावांना बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. मग नांगर, इंजिनं आणि पंप विकणाऱ्या आण्णासाहेबांनी त्यांना दुकानात घेतलं. जाहिराती लिहायच्या, सोलापूरहून फोटोचे छपाईचे ब्लॉक करून आणायचे आणि पेपरवाल्यांना चहा-भजी घालून खूश ठेवायचं, एवढंच काम. आण्णासाहेबांनी दांडा धरून मागं चालत हाकायच्या जपानी इंजिन-नांगराची एजन्सी घेतली आणि विष्णुपंतांचा भाव वधारला, कारण दुकानात इंग्रजी बोलणारे तेवढे एकटेच होते.

ओगावासाहेबांची रीत मात्र विष्णुपंतांना नवी होती. ते सोमवारी आले आणि मंगळवारी प्रत्येक वार्ताहराच्या घरी जाऊन आले. विष्णुपंत बरोबर होतेच. बातमी काही नव्हती, काम काही नव्हतं. बसायचं, मुलांची चौकशी करायची, चहा घ्यायचा, वाकायचं, उठायचं.

"बातमी नसताना गेलं पाहिजे," ओगावासाहेब सावकाश इंग्रजीत म्हणाले. "म्हणजे बातमीच्या दिवशी तोंड दाखवता येतं. आणि सांगायचं ते सगळ्यांना एकत्र बसवून, एकाच वेळी. एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून सांगितलं, तर दोघंही आपले राहत नाहीत."

विष्णुपंतांनी मान डोलावली. मनात म्हटलं, आमच्याकडं भजी पुरतात. माणूस स्वतःला शहाणा समजायला लागला की असंच होतं.

बुधवारी नळदुर्गाजवळ बोरी नदीच्या काठी शेतकऱ्यांसाठी नांगराचं प्रात्यक्षिक होतं; वार्ताहरांना फक्त फोटो पोचवायचे होते. यंत्र चालवायला बलभीम. हा शेजारच्याच वाडीचा, अंगानं किडकिडीत, सुपारीचंही व्यसन नसलेला पोरगेला गडी. विष्णुपंतांनीच त्याला आण्णासाहेबांकडे लावला होता. ओगावासाहेबांबरोबर आलेल्या मिस्त्रीनं त्याला दोन दिवस शिकवलं आणि एक गोष्ट दहादा बजावली होती: फिरत्या पात्यांवरचं पत्र्याचं झाकण काढायचं नाही.

सोलापूरहून बोलावलेला फोटोवाला यंत्राभोवती फिरला आणि नाक मुरडून म्हणाला, "पंत, नुसता पत्रा दिसतोय. पाती दिसल्याशिवाय पेपरात काय मजा येणार?"

खरंच होतं ते. ओगावासाहेब, त्यांचा मिस्त्री आणि आण्णासाहेब लांब लिंबाखाली चहा घेत होते. विष्णुपंतांनी बलभीमला बोलावलं. "झाकण काढ रे जरा."

"पंत, सायबानं नको म्हणून सांगितलंय."

"दोन मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की लाव परत. मी आहे ना!"

मी आहे ना. हे तीन शब्द विष्णुपंतांना पुढं चार दिवस झोपेतसुद्धा ऐकू आले. बलभीमनं पान्यानं चार बोल्ट काढून खिशात टाकले. झाकण विष्णुपंतांनी स्वतः उचलून बाजूला धरलं. फोटो झाला. आणि तेवढ्यात लोकांनी गिल्ला केला, "अरं, चालवून दावा की! लई येळ झाला!" आण्णासाहेबांनी लिंबाखालून हात हलवला. फोटोवाला म्हणाला, चालतानाचाही एक होऊन जाऊ दे. बलभीमनं विष्णुपंतांकडे पाहिलं. विष्णुपंतांनी मान हलवली.

यंत्र दहा पावलं गेलं असेल. आपल्याकडं नांगर चालला की जाणता शेतकरी त्याच्या अंगानं चालतो, उलटलेलं ढेकूळ उचलतो आणि मुठीत फोडून ओल बघतो. बैलांच्या नांगरामागं जन्मभर हेच केलेलं. नळदुर्गचे साठीचे शंकरप्पा तसेच पुढं झाले आणि ढेकळासाठी वाकले. धोतराचा सोगा पात्यात गेला. त्याच्यामागून पाय गेला. बलभीमनं दांडा ओढून यंत्र जागच्या जागी बंद केलं, म्हणून पाय वाचला. बोटं गेली.

त्या दिवशी शंकरप्पांना ट्रकमध्ये घालून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. विष्णुपंत मातीत उभे होते. झाकण अजून त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून बांधाला टेकवून ठेवलं.

गुरुवारी फौजदारानं बलभीमला चौकीवर बोलावलं. झाकण कुणी काढलं? म्या काढलं, असं बलभीम म्हणाला. ते खोटं नव्हतंच. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही.

ओगावासाहेबांनी मात्र विचारलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी विष्णुपंतांना समोर बसवलं. "या माणसाला दहा वेळा सांगितलं होतं. त्यानं मनानं काढलं असेल असं मला वाटत नाही. कुणी सांगितलं?"

"त्यानं स्वतःच काढलं," विष्णुपंत म्हणाले. जीभ अजिबात अडखळली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

 ओगावासाहेब म्हणाले, "शनिवारी सगळ्या वार्ताहरांना बोलवा. जे झालं ते मी सांगणार आणि वाकून माफी मागणार. आमच्याकडं तशी रीत आहे. पण खरं काय ते ठाऊक असल्याशिवाय वाकू नये. माझे वरिष्ठ एकदा असेच पेपरवाल्यांसमोर वाकले. त्यांना जे सांगितलं गेलं होतं ते खोटं होतं, हे आठवड्यानं बाहेर पडलं. दुसऱ्यांदा वाकायला ते आले नाहीत. त्यांनी नोकरी सोडली, गाव सोडलं. म्हणून पुन्हा विचारतो. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, साहेब."

साहेबांनी दोनदा विचारलं आणि विष्णुपंत दोनदा खोटं बोलले. बाहेर येऊन ते रांजणातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्याले.

आण्णासाहेबांचा हिशेब निराळाच होता. शुक्रवारी सकाळी त्यांनी विष्णुपंतांना गादीवर बोलावलं. "बघा पंत, हा जपानी वाकतो म्हणतोय. वाकला तर मामला आपल्या गळ्यात. उद्या एक नांगर खपायचा न्हाय. तुम्ही एक पत्रक लिहा. डायवर दारू प्यालेला होता, म्हणून हे झालं. कंपनी साफ, दुकान साफ."

"आण्णासाहेब, बलभीम दारूला शिवत नाही."

"मग आता शिवला म्हणायचं. तुम्ही होता ना तिथं जवळ? तुम्हीच साक्षीदार. का दुसरं काही लिहिण्यासारखं आहे तुमच्यापाशी?"

आण्णासाहेबांना काही कळलं होतं का? त्यांच्या डोळ्यांत काही दिसेना.  विष्णुपंतांनी बसून पत्रक लिहिलं. अक्षर त्यांचं मुळातच देखणं, आणि भाषा अशी की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. 'सदर चालक मद्याच्या अंमलाखाली असल्याचे प्रत्यक्षदर्शींकडून समजते.' सायक्लोस्टाईलवर दहा प्रती काढल्या. शाई हाताला लागली, ती साबणानं दोनदा धुतली तरी नखांत राहिली.

दुपारी सोलापूरच्या एसटीनं फोटोवाल्याचं पाकीट आलं. विष्णुपंतांनी ते दुकानात फोडलं नाही, घरी नेलं. फोटो झकास आला होता. पाती चकचकीत, बलभीम दांड्यावर हात ठेवून उभा, खिशातून पाना डोकावतोय. आणि उजव्या कडेला धोतर-कोटातला एक माणूस, खांद्यापासून खाली तेवढाच फोटोत आलेला, दोन्ही हातांत झाकण धरून. तोंड नव्हतं. पण डाव्या हाताच्या बोटात आई भवानीच्या टाकाची अंगठी होती. ती वडिलांनी दिलेली अंगठी अख्ख्या धाराशिवाला ठाऊक होती.

फोटो बघून सरोजिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधी खूश झाल्या. "अगंबाई, तुमचा हात आलाय की!" मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. बाई हुशार होत्या, सगळं त्यांना सांगावं लागलं नाही.

"फाडणार आहात का?" त्यांनी विचारलं.

 तेवढ्यात दारात चपला वाजल्या. बलभीम आला होता. तो उंबऱ्याच्या आत आला नाही, बाहेरच उकिडवा बसला. विष्णुपंतांनी फोटो झटकन कोटाच्या आतल्या खिशात सरकवला.

"पंत, लोक म्हणत्यात, पेपरात येनार हाय म्या दारू पिऊन व्हतो म्हनून. खरं हाय का?"

"कोण म्हणतं?"

"दुकानातली मानसं. आता पंत, झाकन म्या काढलं, ती चूक माझी. म्या तुमचं नाव घेतलं न्हाय, घेनार बी न्हाय. तुमी मला कामाला लावलं. पर दारूचं तेवढं येऊ देऊ नका. माझी सोयरीक ठरलीय. आनि डायवरकीत एकदा दारूचा शिक्का बसला की कोन यंत्राला हात लावू देतंय? तुमचं पेपरवाल्यांत वजन हाय. एवढं करा."

"बघतो," विष्णुपंत म्हणाले.

बलभीमला तेवढं पुरलं. तो रामराम करून उठला. विष्णुपंतांना वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःची त्यांना किळस आली, पण किळस आली म्हणून धीर येतो असं थोडंच आहे?

शनिवारी अकराला वाचनालयाच्या दालनात सतरंज्या अंथरल्या. सहा वार्ताहर आले. भजी नव्हती; ओगावासाहेबांनी नको म्हणून सांगितलं होतं. पत्रकं टेबलावर पालथी ठेवली होती, सगळ्यांना एकदम द्यायची म्हणून. त्या कागदांवर काय आहे ते ओगावासाहेबांना माहीत नव्हतं. झाल्या प्रसंगाची हकीकत आहे, असं विष्णुपंतांनी त्यांना सांगितलं होतं. हे तिसरं खोटं.

ओगावासाहेब काळा कोट घालून उभे राहिले. विष्णुपंत शेजारी. साहेबांचं एक वाक्य इंग्रजीत आणि विष्णुपंतांचं एक मराठीत. शंकरप्पांच्या दवाखान्याचा सगळा जिम्मा कंपनी घेते. त्यांच्या घरी मी काल जाऊन आलो, त्यांच्या पत्नी इरम्माबाईंची माफी मागितली. झाकण काढलेलं यंत्र चाललं, ते आमच्या डोळ्यांदेखत चाललं. इथपर्यंत विष्णुपंतांनी जसंच्या तसं सांगितलं. आण्णासाहेब खुर्चीत चुळबुळ करत होते. शेवटी त्यांनी खूण केली आणि पत्रकं वाटली गेली.

सगळे खाली माना घालून वाचू लागले. दालनात कागदांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. बाबूरावांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आण्णासाहेब," ते म्हणाले, "मी काल सोलापूरला शंकरप्पांना भेटून आलो. त्यांच्या म्हणण्यानं, पोरानं दांडा ओढला म्हणून पाय राहिला. दारू प्यालेल्याला एवढं सुचत असतं होय? इथं लिहिलंय, प्रत्यक्षदर्शींकडून समजते. हे प्रत्यक्षदर्शी कोण?"

"हे काय, पंत की! ते तिथंच व्हते, हाताच्या अंतरावर. विचारा त्यांनाच."

सगळी तोंडं विष्णुपंतांकडे वळली. यातली तीन माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. पंतांनी सांगितलं की तपासायची गरज नाही, अशी त्यांची सहा वर्षांची कमाई होती. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं, तर सहा पेपरांत तेच छापून आलं असतं.

"काय विचारतात ते?" ओगावासाहेबांनी हळूच विचारलं.

विष्णुपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांच्या हातात ती कातडी डबी होती आणि कार्डांमधून एसटीच्या तिकिटाचं टोक वर आलं होतं. या वेड्या माणसानं ते खरंच जपून ठेवलं होतं. हा आता वाकणार होता, अगदी मनापासून वाकणार होता, आणि तेही आपण सांगितलेल्या खोट्यावर.

त्यांनी कोटाच्या आत हात घातला. फोटो एकदा खिशाला अडकला. तो सोडवून त्यांनी बाबूरावांच्या समोर सतरंजीवर ठेवला.

"झाकण काढायला मी सांगितलं," ते म्हणाले. "फोटो चांगला यावा म्हणून. बलभीम नको म्हणत होता. हा हात माझा. बलभीम दारू प्यायलेला नव्हता. पत्रक मी लिहिलं, ते खोटं आहे."

मग तेच सगळं त्यांनी वळून इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत सांगणं जास्त अवघड गेलं. तिथं एक वाक्य वाढवावं लागलं: साहेब, तुम्ही मला दोनदा विचारलं होतं.

"पंत!" आण्णासाहेब ओरडले. "अक्कल गहाण ठेवली का काय तुम्ही? उद्यापास्नं दुकानाची पायरी चढू नका!"

 विष्णुपंतांना वाटलं, ओगावासाहेब दालनातून निघून जातील. ते एक पाऊल पुढं आले, हात मांड्यांना लावले आणि कंबरेतून वाकले. वाकलेलेच राहिले. कुणाला काय करावं ते कळेना. धाराशिवात असं कुणी कुणासाठी केलेलं नव्हतं. विष्णुपंत देवीपुढं वाकले होते, वडीलधाऱ्यांपुढं वाकले होते, पण आपल्या शिष्यांपुढं कधी नाही. तेही साहेबांच्या शेजारी वाकले. टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

मंडळी उठली तेव्हा बाबूराव जवळ आले.  "पंत, मी सगळ्यांशी बोललो. आम्ही 'दुकानातील एका इसमाने' असं लिहितो. सहाही जण तसंच लिहिणार. फोटोत तोंड कुठं आहे तुमचं? कडेचं कापून ब्लॉक करतो. बलभीम सुटला, झालं. तुमचं कशाला?"

हे सोपं होतं. किती सोपं होतं! घरी सरोजिनीबाई होत्या, नोकरी तर गेलीच होती, निदान नाव तरी राहिलं असतं. विष्णुपंतांनी बाबूरावांचा हात क्षणभर घट्ट धरला. मग त्यांच्या हातातली वही आणि पेन्सिल काढून घेतली.

"नाव पूर्ण लिहायचं असतं, बाबूराव. मीच शिकवलंय तुम्हाला. बलभीमचं पूर्ण लिहिणार होतात ना?"

त्यांनी वहीत आपलं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव आणि गाव लिहिलं. त्याखाली बलभीमचं. बाबूरावांनी वही परत घेतली आणि तिच्याकडे न बघता खिशात घातली.

सोमवारी सकाळी सोलापूरच्या पहिल्या एसटीनं पेपर आला. विष्णुपंत ओसरीवर बसले होते. दुकान नाही, जायचं कुठं? स्टँडवरून बलभीम धावतच आला, हातात घडी केलेला पेपर. आज तो उंबऱ्याच्या आत आला.

"पंत, स्टँडवर समदे म्हनत्यात माझं नाव आलंय. कुनाला वाचायला सांगावं, धीर हुईना. तुमीच वाचा."

त्याला वाचता येत नव्हतं. त्यात काय आलं आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. विष्णुपंतांनी पेपर मांडीवर उलगडला. फोटो पूर्ण छापला होता, अंगठीसकट. सरोजिनीबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

विष्णुपंत वाचू लागले. स्वतःचं नाव आलं तेव्हा थांबले, घसा खाकरला आणि पूर्ण नाव वाचलं. सांगितलं कुणी, नको म्हटलं कुणी, खोटं पत्रक लिहिलं कुणी, सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. पुढं बलभीमचं नाव आलं. 'यांनी प्रसंगावधान राखून यंत्र तत्काळ थांबवल्याने शंकरप्पा यांचा पाय वाचला. ते निर्व्यसनी असल्याचे समजते.'

 बलभीमनं डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसलं. मग फोटोतल्या झाकण धरलेल्या हातावर त्यानं बोट ठेवलं, आणि पटकन उचललंही.

"पंत, परत एकदा वाचा," तो म्हणाला. "ह्या टायमाला माझ्या नावापास्नंच वाचा."

"नाही," विष्णुपंत म्हणाले, "पहिल्यापासून वाचतो." आणि त्यांनी परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.